खुरातले सात खडे

वलगाव
३० ऑगस्ट २००६

चि. रहीमले वलगावहून आशाबाईचा आशीर्वाद. आशीर्वाद पहिले घेऊन ठेव, भांडण मागून येते.

मले अक्षर येत नाही हे तुले माहीत आहे. लिहून राहिली ते माही नात, आकांक्षा. कॉलेजात जाते, म्हणून माह्या बोलण्यातलं जे तिले पटत नाही ते ती गाळते. तू समजून घेजो.

तिचा भाऊ शिवम महिन्याखाली तुह्या अकोल्याच्या दुकानातून गाडीले चार नवे टायर बसवून आला. अमरावतीत टायर भेटत नाहीत असं नाही. पण मीच म्हटलं का आमच्या घरचं चाक करीमभाईच्या घरीच गेलं पाहिजे. करीमभाई, तुहे अब्बा, आमच्या बैलबंडीच्या चाकाले लोखंडी कड्याची धाव चढवत, तेव्हा तू भट्टीपाशी नागडा उभा राहायचा. तापलेल्या धावेवर पाणी पडून वाफ उठली का टाळ्या वाजवायचा. आता शर्ट घालून गल्ल्यावर बसते म्हणे. चांगलं झालं.

पहिले तीन आठवडे गाडी अशी चालली का बसणाऱ्याले आपण बसलो का झोपलो ते समजू नये. आता साठाच्या वर गेली का थरथरते. शिवमच्या हातातलं स्टेअरिंग ताक घुसळल्यासारखं हालते. तो सेमाडोहले वाघ पाहणारे लोक नेते. परवा एक पुण्याची बाई परतवाड्यातच उतरली. म्हणे, वाघाच्या आधी मी गाडीतच मरीन. वाघही दिसला नसता, पण ते तिले कोण सांगणार.

अमरावतीच्या एका टायरवाल्यानं खाली वाकून पाहिलं. म्हणे, आतून शिसं लावलेलं दिसते, म्हणजे बॅलन्स केलेलं आहे, तरी हालते त टायरच वाकडं. शिवम आता स्टॅंडवर सांगून राहिला का अकोल्याच्या रहीमनं जुना माल नवा म्हणून दिला. मले ऐकवत नाही. पोट्टं तापट आहे, तुह्या दुकानात येऊन काही बोलण्याच्या आधी मी लिहून राहिली. खरं काय ते सांग.

(यापुढं आजीनं पोळ्याच्या दिवशी गाडी कशी धुतली, तिला काय काय केलं, हे दीड पान सांगितलं. टायरशी त्याचा संबंध नसल्यानं गाळलं आहे. रहीमकाका, क्षमस्व. — आकांक्षा)

तुही,
आशाबाई


अकोला
७ सप्टेंबर २००६

आदरणीय आशामावशींना रहीमचा सलाम.

तुमचं पत्र आलं तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी मी ते उभ्याउभ्याच वाचलं. मग गिऱ्हाईक गेल्यावर बसून वाचलं. नागडा उभा राहायचो हे माझ्या सुनेनं वाचायला नको म्हणून पत्र गल्ल्यात ठेवलंय.

मावशी, माल जुना नाही. शिवमचे चार टायर ज्या खेपेत आले त्यातलेच आणखी चार मी स्वतःच्या गाडीला लावलेत. टायरच्या कुशीवर तारीख असते, ती शिवमला पाहायला सांगा. अब्बा म्हणत, चाकाखाली रस्ता असतो आणि चाकावर माणूस असतो, मध्ये आपण असतो. मी त्यांच्याएवढा कारागीर नाही, पण मध्ये बसून खोटं करणार नाही.

चाकं बॅलन्स केली ती सूर्यभाननं. तुम्ही त्याला ओळखत नाही. साठीचा आहे, बोरगाव मंजूकडचा. शेत होतं, चार-पाच सालं ओळीनं हातात काही आलं नाही, मग शेतही राहिलं नाही. नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. फिरत्या चाकावर हात धरतो आणि कुठली बाजू जड ते सांगतो. वर्षभरापासून त्याचे हात थरथरतात. माझ्या इमराननं आकडे दाखवणारी नवी मशीन आणलीय. तो म्हणतो, अब्बा, ज्याचा हातच हलतो तो चाक काय स्थिर करणार. मी ऐकून न ऐकल्यासारखं करत होतो. आता तुमचं पत्र आलं आणि इमरानला बोलायला जागा मिळाली. तो म्हणाला, वलगावच्या गाडीचा निकाल लागू द्या. काम सूर्यभानचाचांचं वाईट निघालं तर ईदेनंतर त्यांनी घरी बसावं.

घरी म्हणजे कुठं, हे इमरानच्या लक्षात आलं नाही. सूर्यभान राहतो दुकानाच्या मागच्या खोलीत.

त्याला पत्राचं सांगितलं. त्यानं साबणानं हात धुतले, बाकावर बसला, मग म्हणाला, मावशींना दोन गोष्टी विचारा. थरथर हातात लागते की बुडाखाली? आणि कोणत्या दिवसापासून?

गाडी घेऊन शिवमला पाठवाल तर बरं. मी त्याला चहा पाजीन आणि त्याच्या शिव्याही ऐकीन.

तुमचा,
अब्दुल रहीम


वलगाव
२१ सप्टेंबर २००६

रहीम, तुहं पत्र भेटलं. आकांक्षानं वाचलं, मी ऐकलं, शिवमनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तो येत नाही म्हणते. म्हणते, तुझा रहीम चहा पाजून पाजून फसवते.

तुह्या कारागिराचे सवाल. थरथर हातातही लागते अन् बुडाखालीही. कधीपासून, त तान्ह्या पोळ्यापासून, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून. पोट्टे लाकडाचे बैल ओढून राहिले होते, तेव्हा शिवम परतवाड्याले निघाला अन् वापस आला तो चिडूनच.

आता तुले एक सांगते म्हणजे तू हासशील. मले ती थरथर आवडाले लागली.

दर गुरुवारी शिवम मले डोळ्यात औषध टाकाले अमरावतीले नेते. मागच्या सीटवर मी एकटी. पेढीचा पूल गेला का तो गाडी हाणते, अन् साठाले पोहोचली का बुडाखालून ती चाल सुरू होते. तीन पावलं बरोबर, चौथं खाली. तीन बरोबर, चौथं खाली. डोळे आपोआप मिटतात. अन् मग गाडी गाडी राहत नाही.

गुंज्या चालते. आमच्या घरी तू लहान असताना होता तो बैल, लालसर, कपाळावर गुंजेएवढा पांढरा टिकला. तो असाच चालायचा, खुरात खडा गेल्यापासून. शिवमचे आबाजी, माहे गेलेले मालक, पुढं बसलेले असतात. पाठ दिसते, तोंड दिसत नाही. पटक्याचं टोक उडून राहिलं. दोन्हीकडं कपाशीची पऱ्हाटी फुलली, पिवळी, अन् तिच्यावरून ढगाची सावली आमच्यासंगं चालते, बैलाच्या चालीनं. मी विचारते, किती राहिलं? ते म्हणतात, राहिलं थोडंसं. बाप्पा, पन्नास सालं झाली, तेच उत्तर देतात. इर्विनच्या चौकात शिवम ब्रेक दाबते अन् मी वापस येते.

पुंजारामनं, माह्या लेकानं, दोन सालाखाली शेवटची जोडी अंजनगावच्या बाजारात विकली. शेत दुसऱ्याले ठोक्यानं कसाले देलं. त्याले मी काही म्हटलं नाही, तो रडून चुकला होता. गोठ्यात आता ही गाडी उभी राहते. पण तिच्यात बैल चालते हे मले टायर बदलल्यावरच समजलं. म्हणून म्हणते, घाई करू नको. लोकं टायरचे पैसे देतात, मले त्यात बंडी फुकट भेटली.

अन् तुह्या सूर्यभानले सांग, चूक माणसाच्याच हातून होते. मी काही रागावली नाही. मी त्याले माफ केलं.

आशाबाई


अकोला
४ ऑक्टोबर २००६

आदरणीय मावशी,

दसऱ्याची सोनं लुटणारी माणसं परवा दुकानावरून गेली, सूर्यभाननं आपट्याची दोन पानं मशीनवर ठेवली, एक जुन्या, एक नव्या. रोजे चालू आहेत. दुपारी दुकानात कोणी नसतं. टायरांच्या रांगेत बसलो की डोळ्यांसमोर अब्बांची भट्टी येते, गोवऱ्यांच्या आत लाल झालेलं लोखंडी कडं, आणि तुमच्या ओट्यावरून कोणीतरी हाक मारतं, रहीम, मागे हो. ती तुम्हीच असायच्या.

तुमचं पत्र मी दोन दिवस कोणाला दाखवलं नाही. मग इमराननं गल्ल्यात हात घातला आणि वाचलं. गुंज्याचं वाचून हसला, चांगलं हसला. मग शेवटच्या ओळीवर आला. म्हणाला, अब्बा, मावशींनी माफ केलं. माफी दिली म्हणजे चूक झाली. संपलं.

तुम्ही प्रेमानं लिहिलं ते मला कळतं. पण त्या एका ओळीनं सूर्यभानचं काम गेलं, मावशी. ईद झाली की तो मशीनपासून उठेल. मी मालक असून काही बोलू शकलो नाही, कारण कागद तुमच्या घरचा होता.

सूर्यभानला मी स्वतः सांगितलं. त्यानं तुमच्यासाठी निरोप दिला, त्याच्या शब्दांत लिहितो. "मावशींची माफी मला घेता येत नाही. त्या चाकांना बाहेरून सात आणि आतून सहा शिसं मी या हातानं ठोकलेत. हात हलत होता, शिसं जागेवर बसलं होतं."

शिसं म्हणजे काय ते तुम्ही पाहिलं नसेल, म्हणून सांगतो. बोटाच्या पेराएवढा मळकट राखाडी तुकडा, पाठीला लोखंडी चिमटा. चाकाची एक बाजू जड असते, तिच्या समोरच्या बाजूला रिमच्या कडेवर तो ठोकून बसवायचा. मग चाक सारखं फिरतं. सूर्यभान ठोकण्याआधी प्रत्येक तुकड्यावर खिळ्यानं एक फुली मारतो. का मारतो, विचारलं तर म्हणतो, आपलं काम आपल्याला ओळखू यावं.

दुसरं काही लिहिण्यासारखं नाही. वड्या घालत असाल, नवे मूग निघाले असतील. थोड्या पाठवा.

रहीम


वलगाव
१० ऑक्टोबर २००६

रहीम,

हे पत्र आकांक्षानं माह्या तोंडून निघालं तसंच लिहायचं आहे. खोकली त खोकली लिहायचं. लिहून झाल्यावर तिनं मले वाचून दाखवायचं, अन् एक शब्द कमी भरला त तिच्या लग्नात मी नाचणार नाही, असं बजावलं आहे.

तुहं पत्र वाचताना ती शिशावर आली, बोटाच्या पेराएवढं, मळकट, पाठीले चिमटा. मी अंगणात पाहिलं. मुगाच्या वड्या फडक्यावर वाळून राहिल्या होत्या. फडकं वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांत मी काही शिवून ठेवलं होतं. उठली, एक कोपरा उसवला. राखाडी तुकडा. त्यावर फुली.

आता ऐक. माहा पोळा ऐक, जो या पोरीनं दीड पान गाळला.

गोठ्यात बैल नाही अन् पोळा आला. पुंजाराम सकाळपासून तोंड पाडून बसला होता. मी म्हटलं, गोठ्यात उभी आहे तिचा पोळा करू. आदल्या दिवशी मी गाडीले आवतन देलं, जसं बैलाले देतात, का उद्या जेवाले येजो. तिच्या खांद्याले, म्हणजे पुढच्या पत्र्याले, लोणी-हळद चोळली. पोळ्याच्या सकाळी शिवम झोपला होता. मी अन् आकांक्षानं बादल्या आणल्या. अंग तिनं धुतलं, पाय मी धुतले. तू विचारशील पायच काहून.

गुंज्याच्या खुरात खडा गेला तोही पोळ्याचाच दिवस होता. त्याले मीच धुतलं होतं. शिंगं रंगवली, झूल टाकली, आरसे लावले, पण खूर उचलून पाहिलं नाही. नव्या लुगड्याले चिखल लागेल म्हणून. तो खडा आठ दिवस आत राहिला. मग खूर पिकलं. जीव वाचला, चाल गेली. शिवमच्या आबाजीनं मले कधी विचारलं नाही का खूर पाहिलं होतं काय. विचारलं असतं त बरं झालं असतं.

म्हणून मी चाकापाशी बसली अन् सगळं चाक हातानं चाचपलं. लोखंडाच्या कडेले बोटाले काही लागलं. इकडं एक, तिकडं एक. मले वाटलं, रस्त्याचे खडे रुतले. विळ्याचं टोक घातलं, पिरगाळलं, टुपकन निघाले. चार चाकांचे सात. आत हात पोहोचला नाही, नाहीतर तेही गेले असते. मले इतकं बरं वाटलं, रहीम, का काय सांगू. मनात म्हटलं, यंदा तुहे पाय मी पाहिले.

सहा तुकडे फडक्याले लागले, चार कोपऱ्यांत चार अन् मधात दोन. सातवा शेजारच्या भगवंतच्या पोरीले देला, तिचा लाकडी नंदीबैल तान्ह्या पोळ्यात सारखा एका अंगाले पडत होता. त्याच्या पोटाखाली बांधला, मग तो सरळ चालला.

आता खरी लाज सांगते. तुहं पत्र पाच दिवसांपूर्वी आलं. कोपरा उसवून फुली पाहिली तेव्हाच सगळं समजलं. तरी मी परत शिवून टाकलं. गुरुवार होता. मी म्हटलं, एकदा बंडीत बसून येते, मग सांगीन. बसली. पेढीचा पूल गेला, चाल सुरू झाली, गुंज्या आला, तीन बरोबर, चौथं खाली. मी विचारलं, किती राहिलं? तर बाप्पा, त्याईनं काही उत्तर देलं नाही. पाठ तशीच. तेव्हा मी डोळे उघडून बसली अन् इर्विन चौकापर्यंत मिटले नाही.

माफी माणसानं आपलं सामान तपासून वाटावी. मी त्या सूर्यभानले माफ करणारी कोण. त्याचं काम मी विळ्यानं उपटलं. हे पत्र दुकानात मोठ्यानं वाच. इमरान, हे तुह्यासाठी आहे: गाडी हालते ते माह्या विळ्यानं, त्याच्या हातानं नाही.

शिवमले काल सांगितलं. तो गाडीपाशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, आजी, स्टॅंडवर मी किती लोकाईले सांगितलं. मी म्हटलं, आता तितक्याईलेच परत सांग. आज सकाळपासून सांगून राहिला.

आमी येतो. ईद होऊ दे.

आशाबाई

(पहिल्या पत्रात जे गाळलं ते मी गाळलं. सूर्यभानकाकांना माझंही सांगा. — आकांक्षा)


अकोला
१४ ऑक्टोबर २००६

मावशी,

वाचलं. मोठ्यानंच वाचलं. विळ्याची ओळ दोनदा वाचली.

इमरान म्हणतो, मावशींचं मन मोठं आहे, पण मशीन मन मोजत नाही. सातही तुकडे आणा. सूर्यभानचाचा त्यांच्या हातानं लावतील, मग मी मशीनवर चढवीन. आकडा शून्य आला तर मी एक शब्द बोलणार नाही. शुक्रवारी, २७ तारखेला या.

सूर्यभाननं त्याचा डबा आणि वळकटी आजच दाराजवळ आणून ठेवलीय. मी म्हटलं, एवढी घाई का. म्हणाला, सामान जागेवर राहिलं की पाय निघत नाही.

पत्र ऐकून त्यानं फक्त विचारलं, गुंज्या कोणत्या पायानं लंगडायचा?

रहीम


वलगाव
३१ ऑक्टोबर २००६

चि. रहीमले पोटभर आशीर्वाद. तुह्या सुनेनं दिलेला शीरखुर्मा मी दोन दिवस पुरवला. वड्या आवडल्या असतील त सांग, फडकं आता दगड ठेवून वाळवते.

त्या दिवशी तू जुम्म्याच्या नमाजीले गेला अन् वापस आला तेव्हा सगळं होऊन चुकलं होतं. इमराननं तुले किती सांगितलं असेल ते मले माहीत आहे. हरलेले पोरं बापाले थोडक्यात सांगतात. म्हणून मी सांगते.

तू गेल्यावर मी पदराची गाठ सोडली अन् सहा तुकडे सूर्यभानच्या हातात ठेवले. सातव्यासाठी भगवंतच्या पोरीनं आपला नंदीबैलच माह्यासंगं पाठवला होता, तुकडा सोडून घ्यायचा अन् बैल सांभाळून आणायचा, या बोलीवर. सूर्यभाननं पहिले बैलच हातात घेतला. त्याची चाकं फिरवून पाहिली. पोटाखालचा तुकडा काढला अन् त्या जागी दुसरा बांधला, तितक्याच वजनाचा. शिवम पाहून राहिला होता. गाडीच्या आधी खेळणं.

मग त्यानं मले विचारलं, मावशी, गुंज्या? मी म्हटलं, मागचा डावा. त्यानं मान हालवली, जसं त्याले माहीत होतं. म्हणाला, सगळ्यात मोठा तुकडा तिथंच होता.

मी त्याचे हात पाहिले. थरथरतात ना, बाप्पा. कप धरला असता त चहा सांडला असता. पण त्यानं चाक उचलून फिरवलं, अन् फिरत्या चाकाजवळ तळवा नेला, अन् हात थांबला. चाक फिरून राहिलं अन् हात थांबून राहिला, जसं दोघांपैकी एकानंच हालायचं असं त्याईचं ठरलं होतं. मी तोंडाले पदर लावला. इमराननंही पाहिलं, मी त्याच्याकडं पाहत होती.

एक-एक फुली जागेवर गेली. इमराननं एक-एक चाक आपल्या मशीनवर चढवलं. पहिलं, शून्य. दुसरं, शून्य. तिसरं, शून्य. चौथं मागचं डावं. मशीननं दहाचा आकडा दाखवला. इमरानची नजर दारातल्या वळकटीकडं गेली. शिवमची मान खाली. मले वाटलं, पोळ्यापायी मी दोघाईची चाल घालवली, एक बैलाची अन् एक माणसाची.

सूर्यभान म्हणाला, "एक मिनिट."

त्यानं चाक मशीनवरून उतरवलं नाही. टायरच्या नक्षीतल्या एकेका फटीत बोट फिरवत गेला, हळू, जसं मी त्या दिवशी फिरवलं होतं. अर्ध्या फेऱ्यात थांबला. खिळा घातला, पिरगाळला. टुपकन आवाज झाला, मी ओळखला तो. खडा पडला, वाटाण्याहून मोठा, काळा. मूर्तिजापूरजवळ रस्ता खोदलेला आहे तिथला असावा. इमराननं मशीन परत फिरवली.

शून्य.

इमरान गेला, दारातला डबा उचलला, आतल्या खिळ्याले टांगला. मग वळकटी उचलली अन् मागच्या खोलीत नेऊन ठेवली. वापस येताना म्हणाला, चाचा, पुढची गाडी कधीची उभी आहे. एवढंच.

सूर्यभाननं तो खडा पुसला अन् माह्या हातावर ठेवला. म्हणाला, मावशी, हा खरा.

आता परतीचं सांगते. गाडी अशी चालली का शिवम सत्तरवर गेला तरी मले समजलं नाही. सुरेख. मी डोळे मिटले. काही नाही. बंडी नाही, पऱ्हाटी नाही, पाठ नाही. मी मनाले म्हटलं, आशाबाई, हे असंच होणार होतं, अन् तू हे करूनच आली. मूर्तिजापूर गेलं. बडनेरा यायचं होतं. ऊन उतरलं होतं, वेचणीले आलेली पऱ्हाटी दोन्हीकडं पांढरी पांढरी दिसत होती. खडा मुठीत होता अन् मूठ मांडीवर.

पाहते त माहाच हात थरथरून राहिला होता. मले माहीतच नव्हतं. गाडी हालायची तेव्हा समजायचं कसं. बारीक, सारखी थरथर, मांडीत उतरणारी. मी हात थांबवला नाही. तसाच ठेवला अन् डोळे मिटले.

मग ते आले, रहीम. पिवळ्या फुलांतून नाही, पांढऱ्या बोंडांतून. ढगाची सावली होती. पटक्याचं टोक उडून राहिलं होतं. अन् गुंज्या चालत होता, मी पावलं मोजली. चारही बरोबर. परत मोजली. चारही बरोबर.

मी विचारलं नाही किती राहिलं. त्याईनंच मान वळवली अन् म्हणाले, खूर पाहिलं वाटते तू.

मी मूठ उघडून दाखवली.

आशाबाई